लांडग्यामागचा डोंगर

१

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलचं कुलूप उघडलं तेव्हा फोटोतला लांडगा जागेवर होता, त्याच्यामागचा डोंगर नव्हता.

मुख्याध्यापक रामलिंग सर दारातच थबकले. त्यांच्यामागून झेंडूची माळ घेऊन आलेले कल्याणप्पा आत गेले आणि भिंतीपाशी उभे राहिले. बेंबळीच्या माळावर दर रविवारी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी काढलेले फोटो तिथं ओळीनं लावले होते. टिटवी, खोकड, पिंगळा, सगळे जसेच्या तसे. फक्त मधला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा फोटो कुणीतरी कात्रीनं कापला होता. लांडगीण आणि तिच्या पायाशी उभं पिल्लू, एवढंच खिळ्याला लटकत होतं. मागचा डोंगर, आभाळ, पुढची जमीन, सगळं गायब. कापलेला तुकडा हॉलमध्ये कुठंच नव्हता.

तो फोटो भुवनेश्वरीनं काढलेला. कल्याणप्पांची बायको. गेल्या हिवाळ्यात तिनं तो काढला आणि चैत्रात ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, रिक्षा बोलावली, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं.

"काका, बसा तुम्ही," सर म्हणाले. "दुसरा काढून घेऊ. त्यात काय?"

दुसरा निघणार नव्हता. कॅमेऱ्यातलं कार्ड कल्याणप्पांनी स्वतः धाराशिवला नेऊन हा एकच फोटो मोठा करून आणला होता. कार्ड सदऱ्याच्या खिशात राहिलं. कपडे आता तेच धूत होते आणि खिसे तपासायची सवय त्यांना नव्हती. सदरा दगडावर आपटला तेव्हा आत काहीतरी कडकन मोडलं. लॅबवाल्यानंही आपल्याकडचं सगळं पुसून टाकलेलं.

पण लांडगा तर शिल्लक होता. मग म्हातारा एवढा का हादरला, हे सरांना कळेना.

कल्याणप्पांनी लांडग्यासाठी तो फोटो मोठा केलाच नव्हता. फोटोत पुढच्या जमिनीवर, शेंदूर फासलेल्या एका दगडावरून आडवी, एक लांब सावली पडली होती. पाठीवर कोवळं ऊन घेऊन उभ्या असलेल्या बाईची. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर, कॅमेरा डोळ्याला. भुवनेश्वरीनं सगळ्यांचे फोटो काढले, तिचा कुणी काढला नाही. लग्नातल्या फोटोनंतर ती होती ती या सावलीतच.

आणि ती सावली कुणीतरी कापून नेली होती.

२

संध्याकाळी पाचला प्रदर्शन उघडायचं होतं. तोवर तुकडा सापडला तर मागून पट्टी लावून फोटो जोडता येईल, असं कृष्णराज म्हणाला. कृष्णराज धाराशिवचा फोटोग्राफर. या मंडळींना कॅमेरा धरायला त्यानंच शिकवलं होतं आणि हे तो विसरू देत नसे.

"काका, राग मानू नका," कल्याणप्पांनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "पण लोक माझ्याकडंच बघायला लागलेत. माझा खोकड मधून काढून कडेला लावला म्हणून. अहो, मीच लावला! काकूंच्या फोटोला मधली जागा मीच दिली."

"तुझं नाव कोण घेतंय?"

"तुम्ही घेत नाही, पण तुमच्या कपाळावर दिसतंय."

कल्याणप्पा ओशाळले. त्यांच्या मनातलं नेहमीच बाहेर दिसायचं. गावात म्हणायचे, एखादी बातमी पंचक्रोशीत पोचवायची असली तर कल्याणप्पांच्या कापडदुकानात जाऊन 'कुणाला सांगू नका' एवढं म्हणावं.

"काल तू विचारत होतास ना, ही जागा कुठली म्हणून?"

"विचारणारच! काल लाइट गेलेली, बॅटरीच्या उजेडात फोटो टांगले. मोबाइलवरसुद्धा नीट आला नसता. म्हटलं, सकाळी उजेडात काढतो आणि पुण्याच्या ग्रुपवर टाकतो. लांडग्याची पिल्लं म्हटल्यावर गाड्या भरून येतील लोक. जागा कळायला नको?" मग त्यानं आवाज बारीक केला. "काका, उगाच डोकं शिणवू नका. व्यंकटचं काम आहे हे. त्याची कोकरं लांडग्यानं नेली ना मागच्या पंधरवड्यात?"

रामलिंग सरांचंही तेच मत पडलं. सर परंड्याकडचे, या वर्षीच बदलून आलेले. "मला तर इथली टेकडी कुठली न् माळ कुठला तेच कळत नाही," ते म्हणाले. "काल फोटो टांगून झाल्यावर कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीप्रमाणे तुमच्या दुकानातल्या खिळ्याला अडकवली. तुम्ही आणि कृष्णराज चहाला गेला होता. सकाळी तिथूनच घेतली. तुमच्या दुकानात काय, कुणीही येतं-जातं."

हे खरं होतं. कल्याणप्पा विचार करत दुकानाकडं आले. ओट्यावर समृद्धी शिलाई मशीनवर बसली होती. नवरा पुण्याला कंपनीत, ही इथं ब्लाऊज शिवते. दुकानात कापड घ्यायचं आणि ओट्यावर शिवायला टाकायचं, असा गावच्या बायकांचा रिवाजच पडला होता. भुवनेश्वरीबरोबर दर रविवारी माळावर जाणारी पहिली बाई तीच. काल फोटो टांगतानाही होती.

"आप्पा, दुकानातली कात्री देता का जरा?" मान वर न करता ती म्हणाली. "माझी चालंना झालीया."

कल्याणप्पांनी कात्री दिली. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी टोपी घातली आणि व्यंकटला गाठायला माळाची वाट धरली.

३

या वाटेनं कल्याणप्पा कधी आले नव्हते. भुवनेश्वरी पहाटे उठून भाकरी बांधून निघायची तेव्हा ते अंथरुणातूनच म्हणायचे, "पाखरं बघून पोट भरतंय व्हय?" ती म्हणायची, "तुमचं गिऱ्हाईक बघून भरतंय, तसंच."

वाळलेलं कुसळी गवत धोतराला अडकत होतं. एक टिटवी उठून डोक्यावर कालवा करायला लागली. कल्याणप्पा उगाचच तिला म्हणाले, "जातो बाई, जातो." थोडं पुढं जाऊन बघितलं तर ती परत खाली बसली होती.

व्यंकट बाभळीखाली काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मेंढरं पांगली होती.

"या आप्पा. दुकान सोडून माळावर? सूर्य कुनीकडं उगवला?"

"व्यंकट, सरळ विचारतो. शाळेतला फोटो तू कापलास का?"

व्यंकटनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. "लांडगा ठिवला आन् डोंगर कापला? मला कापायचा असता तर म्या फोटोतला कशाला कापीन, आप्पा? आन् कापायचाच म्हनलं तर आधी लांडग्याचंच मुंडकं छाटीन का न्हाय?"

व्यंकटचं हसू मावळलं. "एक कोकरू पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढिवलं होतं. अंथरुनात घेऊन झोपायची. चार दिस जेवली न्हाय ती." त्यानं काठीनं जमीन उकरली. "लांडगीन व्यालीया कुठंतरी, त्याबिगर अशी सारखी येनार न्हाय. म्या समदा माळ पालथा घातला. बीळ काय गवसंना. एकदा जागा कळू द्या. मिरच्याचं पोतंच ठिवलंय घरी. धूर करतो, तोंडाला दगूड लावतो. इषय संपला."

हे त्यानं रागानं म्हटलं नाही. गोठा झाडायचा आहे म्हणावं तसं म्हटलं.

"आप्पा," तो जवळ आला, "काल तुमीच हाटेलात म्हनला म्हनं, उद्या व्यंकटला फोटो दावू, त्याला माळावरचा दगूड न् दगूड ठावा हाय. खरंय ते. म्हनून इचारतो. त्या फोटोत म्होरं काय होतं? येखादा शेंदराचा दगूड बिगूड?"

कल्याणप्पांच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता.

४

"नुसता डोंगर होता," ते म्हणाले. "आणि लाइट नव्हती. मला काय दिसतंय?"

आयुष्यभर मापात खोट केली नव्हती, बोलण्यातही फारशी नाही.

घरी येऊन त्यांनी भिंतीवरचे फोटो बघितले. भुवनेश्वरीनं काढलेले, छोटे छोटे. घुबडाचं पिल्लू. अंड्यांवर बसलेली टिटवी. खोकडाची जोडी. रोज दिसत होते, पण आज ते एकेका फोटोपुढं जाऊन उभे राहिले. घुबड होतं, झाड नव्हतं. टिटवी होती, शेत कुणाचं ते कळत नव्हतं. प्रत्येक फोटो जनावराच्या अंगाला लागून कापलेला. ते तिला चिडवायचे, "काय गं, पन्हा कमी पडला का? नुसतं पाखरूच दिसतंय." ती हसायची. बोलायची नाही.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. कल्याणप्पांनी कुणाला पन्ह्यात फसवलं नव्हतं. म्हणूनच लॅबवाल्यानं "काका, कडा जरा कापू का, लांडगा मोठा दिसेल," म्हटल्यावर ते ठसक्यात म्हणाले होते, "काहीसुद्धा कापायचं न्हाय. पूर्ण पन्हा पाहिजे."

ते खाटेवर बसले. तिनं जन्मभर जे केलं नाही, ते त्यांनी तिच्या नावानं हॉलमध्ये टांगलं होतं. जनावराचं घर चारचौघांत दाखवलं होतं.

म्हणजे फोटो कुणी नासवला नव्हता. जागा लपवली होती.

मग त्यांनी एकेक माणूस समोर घेतला, गिऱ्हाइकापुढं तागे टाकावेत तसा. काय कापायचं हे कळायला तो फोटो आधी बघितलेला पाहिजे. व्यंकटनं बघितलाच नव्हता, नाहीतर शेंदराच्या दगडाचं विचारलं नसतं. कृष्णराजनं बघितला, पण त्याला तर जागा जगाला दाखवायची होती. सरांनी बघितला, त्यांना टेकडी न् माळ सारखाच. स्वतः त्यांनाही जागा ओळखू आली नव्हती. ज्यानं कापलं त्याला बॅटरीच्या उजेडातसुद्धा ती ओळखू आली. म्हणजे तो माणूस तिथं जाऊन आलेला. भुवनेश्वरीबरोबर.

ते उठून परत हॉलमध्ये गेले आणि लांडग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कात्री अगदी अंगालगत चाललेली नव्हती. कानाभोवती, शेपटीभोवती, पिल्लाच्या पाठीभोवती सगळीकडं सारखी, बोटभर जागा सोडलेली. घाईत कापतानाही हातानं शिवणीपुरतं जास्तीचं सोडलं होतं. ब्लाऊज बेतताना सोडतात तसं.

आणि जाड पुठ्ठा कापल्यावर कापडाची कात्री बोथट होते. कुठलीही शिवणारी बाई आपली कात्री कागदाला लावत नाही. जीव गेला तरी नाही.

सकाळी ओट्यावर कात्री कुणी मागितली होती?

५

समृद्धी मशीनवर नव्हती. कापडाच्या ताग्यांमागं, बेतायच्या फळीपाशी उभी होती.

"पोरी," कल्याणप्पा म्हणाले, "तुझी कात्री मी धार लावायला देतो. पैशाचं बोलू नकोस."

ती खाली वाकली, फळीखाली अंथरलेलं जुनं कापड बाजूला केलं आणि तुकडा काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. डोंगर, आभाळ, शेंदराचा दगड आणि दगडावरून आडवी सावली. लांडगिणीच्या आकाराचं भोक मधोमध.

"सावलीला कात्री लागू दिली न्हाय म्या," ती म्हणाली. "लांबून वळवून आणली."

कल्याणप्पांनी तुकडा घेतला.

"जाळून टाकायला गेले होते. म्हनलं, कुनाला गवसला तर? चुलीपाशी बसले आन् काकी दिसल्या. मग कसं जाळायचं?" तिनं नाक पुसलं. "ती यंदा परत तिथंच व्यालीया आप्पा. म्या गेल्या रविवारी लांबनं बघून आले. काल हॉलमधी तुमी म्हनला, उद्या व्यंकटला दावू. तुमी चहाला गेला तसं म्या किल्ली काढली."

"मला सांगायचं होतंस. मी काढून ठेवला असता."

"कसं सांगू?" ती एकदम म्हणाली. "काकी गेल्यापासनं तुमी काल पैल्यांदा हसला. फोटो टांगताना सगळ्यांस्नी सांगत होता, माझ्या बायकूनं काढलाय. तवा म्या म्हनू का, की आप्पा, काकींनी हे कधी केलं नसतं? सगळा उचलून न्यायचा म्हनलं, तर तुमची आजची संध्याकाळ गेली असती. म्हनून लांडगीन ठिवली."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. कल्याणप्पांनी तो जाऊ दिला.

"तिनं तुला जागा दाखवली," ते म्हणाले. "मला नुसतं सांगितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं एका ताटाला बसलो."

समृद्धी जरा घुटमळली. "इचारलं होतं म्या त्यास्नी एकदा. आप्पांना न्हाय का सांगायचं म्हनून."

"मग?"

"म्हनल्या, सांगायला लई जीव होतो गं. पर ह्यांना सांगितलं की दुपारच्याला बेंबळीला कळंल, आन् सांजच्याला धाराशिवला."

कल्याणप्पा आधी कसनुसे झाले. मग त्यांच्या पोटातून हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळे भरले. समृद्धीनं एक कापडाचा तुकडा पुढं केला. त्यांनी तो हातात घेऊन सवयीनं बघितला. "चांगलं पॉपलिन आहे, नासू नकोस," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

बाहेर कुणीतरी पळत गेलं. शाळेकडून आरडाओरडा ऐकू येत होता. कृष्णराजनं व्यंकटला धरलं होतं.

६

हॉलच्या दारात गर्दी जमली होती. व्यंकट प्रदर्शन बघायला म्हणून सरळ आला होता, धुतलेलं मुंडासं बांधून, पोरीला घेऊन. कृष्णराजनं त्याचा दंड पकडला होता.

"तुकडा कुठं ठेवलास सांग, नाहीतर पोलिसांना फोन करतो!"

"कर की! तुझ्या फोनाला कोन भितंय? हात सोड आधी, पोरगी बघायलीय."

कल्याणप्पा मधे शिरले. समृद्धी त्यांच्यामागं होती. तिचं तोंड उघडलेलं त्यांनी बघितलं, आणि ती बोलायच्या आत ते बोलले.

"सोड त्याला. फोटो मी कापलाय."

"तुम्ही?" कृष्णराज म्हणाला. "काका, सकाळी तुम्हाला धरून बसवावं लागलं!"

"मग? आपल्या हातानं कापलं म्हणजे रडू येत न्हाय व्हय? तिचे घरातले फोटो बघ येऊन. सगळ्यांत नुसतं जनावर आहे. तिची तीच रीत होती. मी अडाण्यानं पूर्ण पन्हा घेऊन आलो. चूक कळली, दुरुस्त केली. सकाळी सांगायची लाज वाटली, म्हणून माळावर जाऊन व्यंकटलाच विचारत बसलो."

"आणि तुकडा?"

"चुलीत घातला."

व्यंकट त्यांच्याकडं रोखून बघत होता. पण कल्याणप्पांच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यामुळं सगळ्यांचा विश्वास बसला. व्यंकटचाही.

"खामखा परेशान केलं मला," तो म्हणाला. "गेला का मग डोंगर?"

"गेला."

कृष्णराजनं कपाळावर हात मारला. "काका, एकुलता एक फोटो!" मग जरा वेळानं लांडगिणीकडं बघत म्हणाला, "पण आता डोळा तिथंच जातो, हेही खरंय."

व्यंकटची पोरगी फोटोपुढं उभी होती. लांडगीण तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर होती. पोरीनं आधी तिच्या दातांकडं बघितलं, मग पिल्लाकडं. तिनं पिल्लाकडं बोट केलं आणि बापाला म्हणाली, "बा, ह्यो लई बारका हाय."

"बारका हाय, पर मोठा हुतोय," व्यंकट म्हणाला. तरी तो फोटोपुढून लवकर हलला नाही.

कल्याणप्पांनी त्याला बाजूला घेतलं. "दुकानामागं द्राक्षबागेची जुनी लोखंडी जाळी पडून आहे. बैलगाडी घेऊन ये आणि कोकरांच्या वाड्याला लाव, चांगली उंच. मी येतो धरायला."

"जाळीचं किती?"

"जाळीचं काही न्हाय. मिरच्याचं पोतं मला दे. लोणच्याला."

"येवढ्या मिरच्याचं लोनचं?" व्यंकट हसला. "समद्या गावाला घालनार व्हय?" हो किंवा नाही त्यानं म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन आला तेव्हा त्याच्या गाडीत पोतं होतं.

रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर कल्याणप्पा घरी गेले. दार लावून घेतलं. पिशवीतून तुकडा काढला. भिंतीवर लावता येणार नव्हता, येणारा-जाणारा बघेल. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. भुवनेश्वरीची लुगडी अजून तिथंच होती. दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी तुकडा चिकटवला, मधल्या भोकातून कपाटाचा हिरवा रंग दिसत राहिला. मग खुर्ची ओढून समोर बसले.

डोक्यावर पदर. कोपरं बाहेर. कॅमेरा हलू नये म्हणून ती श्वास धरून उभी असेल, असं त्यांना वाटलं.

"मला सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी कुणाला बोललो नसतो."

त्यांनी उठून तुकड्याचा एक कोपरा बोटानं दाबून बसवला.

"बोललो असतो," ते म्हणाले.